माल्टच्या ग्लासातली पांढरी फुलं

पहाटे पाचच्या एसटीने सांगली सोडली, तेव्हा पर्समध्ये मुलाखतीचं पत्र होतं आणि मद्यसेवनाचा सरकारी परवाना. मी एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. पुण्यातल्या एका आयातदाराला स्कॉच पारखणारं माणूस हवं होतं. जागा एकच. जिभेवर चव राहू नये म्हणून वाटेत पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

दहाला स्वारगेटला उतरून टिळक रस्त्यावर मावशीकडे गेले. तिला मी ‘फूड टेस्टिंग’ एवढंच सांगितलं होतं. तिच्याकडे चैत्रगौर बसली होती. हळदीकुंकू संध्याकाळी होतं.

“तू चारला निघणार ना? मग आत्ताच घे,” म्हणत तिने आंब्याची डाळ (कैरी घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ) पुढे केली. पोट बिघडल्याचं सांगून ती मी टाळली. तोवर तिने माझा हात धरून मनगटावर मोगऱ्याचं अत्तर लावलंसुद्धा. अशा परीक्षेला कुणी पावडरही लावून जात नाही. पण मावशीच्या हातातून हात सोडवून घेणं मला जमलं नाही.

रिक्षात मी बाटलीतलं पाणी ओतून मनगट चोळत राहिले. मार्केट यार्डाजवळ कांद्याच्या ट्रकांमागे अडकलो.

“ताई, सीट धुवायला मी स्टँडवर माणूस ठेवलाय,” रिक्षावाला म्हणाला.

मी सॉरी म्हटलं. मोगरा आता दोन्ही हातांना लागला होता.

मुकुंदनगरातल्या त्या खोलीत उमेदवार दोनच होतो, मी आणि शेजारी ब्लेझरमधला एक तरुण. पुढ्यात नोंदीचे कागद, समोर परीक्षक परांजपे सर. ग्लासात लिमिटेड एडिशनची ब्लेंडेड माल्ट (वेगवेगळ्या भट्ट्यांच्या सिंगल माल्टचं मिश्रण) होती, तिचं खोकं टेबलावर. मी ग्लास नाकाशी नेला. मोगरा. दुसऱ्यांदा नेला. मोगराच.

“पहिल्याच वासाला पांढरी फुलं,” शेजारचा म्हणाला. “मोगरा, सर. फार नाजूक.”

सरांनी आपला ग्लास हुंगला. “मला नाही आला. नाक म्हातारं झालं असेल. तुम्हाला, मॅडम?”

हो म्हटलं असतं तर सुटले असते. पण त्या व्हिस्कीच्या नोंदीत माझ्या मावशीचं अत्तर कायमचं जाऊन बसलं असतं.

“सर, फुलं ग्लासात नाहीत. माझ्या हाताला अत्तर आहे.”

शेजारच्याने खुर्ची चार बोटं लांब सरकवली.

“बाई, परीक्षेला नाक आणायचं असतं, देवघर नाही,” सर म्हणाले. “बिनवासाचा साबण आहे आत. कोपरापर्यंत धुवा. मी दुसरे ग्लास भरतो.”

परत आले तेव्हा माझे हात लाल झाले होते. या वेळी वास आला काकवीचा, भाजलेल्या शेंगदाण्यांचा. व्हिस्कीच्या पुस्तकांत ज्याचा वास नेहमी सांगतात ते स्कॉटलंडातलं हेदरचं फूल मी कधी पाहिलेलं नाही, म्हणून ते लिहिलं नाही. घोट तोंडात फिरवून भांड्यात टाकला. पाण्याचे चार थेंब घातल्यावर धूर पुढे आला आणि गोडवा लगेच मावळला.

“चव भरदार आहे, पण टिकत नाही,” मी म्हणाले. “पाणी सोसत नाही. खोक्यावर कौतुक लिहिलंय तेवढी ही मोठी नाही.”

सरांनी माझा कागद ओढून घेतला.

“पहिल्या फेरीचा रकाना कोरा आहे,” मी घाईने म्हणाले.

“दिसतंय. म्हणूनच सोमवारी या. दहा म्हणजे दहा.”

परतीच्या बसमध्ये खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत मी आनंद व्हायची वाट पाहत होते. जागा मिळाली होती. आता रोज चारचौघांसमोर, आपल्याला जे वाटलं ते मोठ्याने बोलायचं होतं.

सोमवारला तीन दिवस होते. मावशीला काय सांगायचं, ते मी आत्तापासूनच मनात घोकू लागले.