गोदावरीच्या मुखाशी आई

माझी धाकटी बहीण काकीनाड्याला असते. तिचा नवरा तिथल्या बंदरात कामाला आहे. मागच्या हिवाळ्यात मी आईला घेऊन तिच्याकडे गेले. वडील गेल्यापासून आई भोरला माझ्याजवळ राहते. तिचं पथ्य, औषधं, रुसवेफुगवे, सगळं मीच बघते.

गोदावरी जिथं समुद्राला मिळते, तिथलं खारफुटीचं जंगल बघायला आम्ही तिघी निघालो. पायाखाली लाकडी फळ्यांची वाट, तिच्याखाली नुसता चिखल.

"चिकलणी केल्यावानी दिसतंय गं," आई म्हणाली. "भात लावावं वाटतंय."

धाकटी खळखळून हसली. वर आलेल्या मुळ्या, चिखलात उड्या मारणारे मासे, ती एकेक दाखवत होती आणि आई तिच्या दंडाला धरून चालली होती. मला मार्गासनीचं आमचं भाताचं शेत आठवलं. आवणाच्या दिवसांत आईशेजारी वाकून मी रोपं लावायची. धाकटी बांधावर बसायची, पायाला चिखल लागतो म्हणून.

पुढं होड्या लागल्या होत्या. पानशेतला मी केवढी गळ घातली होती, तरी आई होडीत बसली नव्हती. मी म्हटलं, "तिला नको, तिला पाण्याची भीती वाटते."

"कोन म्हनलं? हिच्यासंगं जाती की मी!" असं म्हणून आई चढलीसुद्धा.

मला मळमळतंय असं सांगून मी काठावरच थांबले. होडी झाडांआड गेली, तरी आईचं हसणं ऐकू येत होतं. इतकं मोकळं ती माझ्या घरात कधी हसली होती, ते मी आठवत बसले.

परत आली ती चेहरा ओला घेऊनच. "गंगंचं पानी तोंडाला लावलं. खारं हाय, तरी लई ग्वाड वाटलं बग. मी आता म्हैनाभर हितंच ऱ्हाती."

आई बाकावर टेकल्यावर मी धाकटीला बाजूला घेतलं. "कुठली गोळी कधी द्यायची, माहीत तरी आहे का तुला?"

"तू सांग ना, ताई."

मी मुद्दाम भरभर सांगितलं. ती म्हणाली, "हळू सांग. तुला ती रोज असते. मला मिळू दे की थोडे दिवस."

तिचे डोळे भरले होते. ते मला दिसलं, पण मन काही निवळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटीच परतीच्या गाडीत बसले. घरी पोचल्यावर महिना संपायची वाट बघायची होती. पण आठवड्याच्या आतच मी आईला आणायला जायचं तिकीट काढलं.