मीच बुजवलेली भोकं

ती भोकं मी माझ्या हातानं बुजवली. बाकीच्यांवर माझा राग आहेच, पण सांगायला इथूनच सुरुवात करावी लागते.

सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात शाळा उंचावर आहे. फाटकापासून खाली मुरमाचा उतार, आणि उताराच्या पायथ्याशी माझ्या धाकट्या बहिणीची धानाची बांधी, बांध घातलेलं छोटं शेत. दर पावसाळ्यात उतारावरची माती वाहून तिच्या धानात जायची. पंचायतीनं उतार पक्का करायचं ठरवलं आणि मिस्त्री म्हणून मला बोलावलं. सिमेंटचा रस्ताच करायचा असेल, असं मी धरून चाललो होतो. तालुक्याहून आलेल्या तरुण इंजिनियर बाई म्हणाल्या, “नाही, जाळीचे गट्टू टाकायचे.”

जाळीचे गट्टू म्हणजे मोठमोठी भोकं असलेले काँक्रीटचे ठोकळे. मला हसूच आलं. पण त्या बाई उन्हात बसून मला समजावत राहिल्या. खाली काँक्रीट नाही, आधी जाड गिट्टी, मग बारीक चुरी, वर गट्टू. भोकांत माती भरून हरळी लावायची. पाणी भोकांतून जमिनीत मुरतं, आणि गवताची मुळं माती धरून ठेवतात. मी तसं केलं. इतक्या वर्षांत एवढं मन लावून मी कुठलंच काम केलं नव्हतं.

पहिल्या पावसाळ्यात पाणी उतारावर पडायचं आणि तिथंच जिरायचं. बहिणीच्या बांधीत मातीचा कणही आला नाही. ती मला म्हणाली, “दादा, एवढ्या वर्षांत हे पहिलं काम झालं पहा.”

पुढच्या उन्हाळ्यात शाळेत कार्यक्रम ठरला, बाहेरून पाहुणे येणार होते. पंचायतीतला एक सदस्य उतारावर येऊन उभा राहिला. पांढरा पायजमा, हातात मोबाईल, मागे चार माणसं.

“मिस्त्री, हे का जंगल उगवून राहिलं? पाहुण्यायचा पाय अडकला म्हणजे? सिमेंटनं भरून टाक सारं.”

“भाऊ, भरलं तर पाणी कुठं जाईन?”

“तू इंजिनियर झाला का आता?”

मागची चार माणसं हसली. दुसऱ्या दिवशी मी हरळी उपटली, माती कोरली आणि एकेक भोक सिमेंटच्या मालानं भरून वरून थापी फिरवली. गुळगुळीत. पाहुण्यांनी तर गाडी थेट फाटकापर्यंत नेली. उतारावर कुणी पायसुद्धा ठेवला नाही.

मग पाऊस आला. मोठा नव्हता, आषाढात येतो तसाच. पाणी त्या गुळगुळीत उतारावरून धावत सुटलं, पायथ्याची कड खणली, खालची चुरी ओढून नेली. गट्टूंच्या दोन रांगा खचल्या. चुरी, मुरूम सगळं बहिणीच्या बांधीत, नेमकं पऱ्ह्यांवर, रोवणीसाठी वाढवलेल्या रोपांवर. रोवणीला आठवडा राहिला होता. हिरवीगार रोपं चिखलाखाली गाडली गेली.

ती माझ्या घरी आली. रडली नाही. “दादा, तूच लावले, तूच बुजवले. काहून?”

चार माणसं हसली म्हणून, हे बहिणीला कसं सांगणार?

मी सदस्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर चहा पीत होता. म्हणाला, “पाऊसच जास्त झाला. अन् तुझं कामच कच्चं होतं.”

माझं कामच कच्चं! ते शब्द आजही आठवले की कानशिलं तापतात. मी घरी आलो, छिन्नी आणि हातोडा घेतला आणि भर दुपारी उतारावर बसलो. पहिलं भोक फोडलं, दुसरं फोडलं. सदस्याला निरोप गेला असावा. तो मोटारसायकलवर आला.

“सरकारी काम आहे ते. हात लावशीन तर तक्रार करीन.”

“करा ना भाऊ. बुजवायले कोणं सांगतलं, तेही लिहा त्यात.”

शाळेच्या मुख्याध्यापिका बाहेर आल्या. एरवी पंचायतीपुढे फार न बोलणाऱ्या त्या बाई शांतपणे म्हणाल्या, “फोडा मिस्त्री. शाळेतर्फे मी लिहून देते.” तोवर बहीण कुदळ घेऊन आली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही, सरळ माझ्याशेजारी खाली बसली. तो गाडी वळवून निघून गेला.

पाच दिवस आम्ही फोडत होतो. कितीतरी गट्टू मालासकट तडकले. खचलेल्या रांगा उचलून मी गिट्टी, चुरी नव्यानं भरली. शेजाऱ्यांनी उरलेले पऱ्हे दिले, पण बहिणीची रोवणी उशिराच झाली, आणि धान त्या साली पातळच आलं.

खालचा उतार आता पाणी पितो. वरच्या भागातला माल निघालाच नाही. तिथं सिमेंटचे करडे ठिपके तसेच आहेत. त्या सदस्यानं गावात सांगून ठेवलंय की दुरुस्ती त्यानंच करवून घेतली. लोक मानही डोलावतात. बहीण माझ्याशी पूर्वीसारखी बोलते, पण तिच्या त्या ‘काहून?’चं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही.