सतरा नंबरचा सीन

ही गोष्ट लिहायची मी बरीच वर्षं टाळली. दिवाळी अंकवाल्यांनी आठवणी मागितल्या की मी नाटकांवर लिहायचो. मुलाखतीत कोणी नेमका प्रश्न विचारला की जंगलावर बोलायचो. जंगलावर बोललं की लोक खूश होतात. पण आता पंचाहत्तरी उलटली आहे आणि सत्कारांतली भाषणं ऐकवत नाहीत. मागच्या महिन्यात चंद्रपूरला एक सूत्रसंचालक म्हणाला, सरांनी तांत्रिक अडचणींवर मात करून आपल्या झाडीपट्टीचा सिनेमा उभा केला. माझ्या अंगावर शाल होती, हातात नारळ होता, मी मान डोलावली. तांत्रिक अडचण कोणतीच आली नव्हती. हे मला माहीत आहे आणि ज्याला माहीत असायला हवं होतं तो आता नाही.

मी मुळात शाळामास्तर. वीसेक वर्षं वडशाच्या नाटक मंडळ्यांसाठी नाटकं लिहिली. धान घरात आलं की गावोगाव मंडप पडत, आणि खेळाच्या आदल्या दिवशी मालकाचा निरोप येई, "मास्तर, दुसऱ्या अंकात लोक उठून राह्यले, कॉमेडीवाल्याले एक प्रवेश अजून टाका." मी टाकायचो. बाप मरणाला टेकलेला असायचा आणि मधेच कॉमेडीवाला येऊन नाचून जायचा. याच वैतागातून मी सिनेमाकडे गेलो. वाटलं, एकदा चित्रीकरण झालं की त्यात कोणी काही टाकायला सांगणार नाही. हे वाटणं किती खुळं होतं ते पुढे कळलं. तीन सिनेमे केले, तिन्ही स्वतः लिहिले. पहिला कोणी पाहिला नाही. तिसरा इतका रखडला की त्यातली नायिका दरम्यान दोन लेकरांची आई झाली. लोकांना ठाऊक आहे तो मधला, धानोऱ्याकडच्या एका गावात केलेला.

त्या सिनेमाचा आवाज ज्याने घेतला तो वरोऱ्याचा. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. धंदा लाऊडस्पीकरचा, लग्नं आणि नाटकं. नाटकांतच आमची ओळख झाली. रेकॉर्डिंग तो स्वतःच शिकला, मशीनही स्वतःचं घेतलं. माणूस फार छळवादी. कॅमेरा तयार, ऊन बरोबर पडलेलं, आणि हा हात वर करायचा. "थांबा भाऊ. कुठीतरी ट्रॅक्टर चालू आहे." आम्हा कोणालाच ट्रॅक्टर ऐकू यायचा नाही. दहा मिनिटांनी खरंच एक ट्रॅक्टर वळणावरून यायचा. तोवर ऊन सरकलेलं असायचं. मी त्याच्यावर जितका खेकसलो तितका आयुष्यात वर्गातल्या पोरांवरही खेकसलो नसेन.

त्याची आणखी एक खोड होती. प्रत्येक जागेचं काम संपलं की तो सगळ्यांना मिनिटभर गप्प उभं करायचा. त्या जागेचा स्वतःचा आवाज असतो, तो वेगळा धरून ठेवावा लागतो, असं त्याचं म्हणणं. मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम, पाय भाजतायत आणि वीस माणसं पुतळ्यासारखी उभी. आमच्या सिनेमातली मुख्य बाई त्याच गावची होती. तिने कधी काम केलेलं नव्हतं आणि कोणाचा मुलाहिजाही ठेवत नव्हती. पहिल्याच दिवशी ती बोलली,

"कोन मेलं म्हनून उभं करून राह्यला रे आमाले?"

सगळे हसले. तो हसला नाही. "बाई, एक मिनिट पुन्हा पहिल्यापासून," म्हणाला.

त्या बाईचं बोलणं हेच माझ्या सिनेमाचं बळ होतं. सतरा नंबरच्या सीनमध्ये ती अंगणात बसून तेंदूच्या पानांचे पुडके बांधते आणि मान वर न करता सुनेला सांगते की ती गाव सोडणार नाही. मी लिहिलेले संवाद तिने बाजूला ठेवले आणि आपल्या शब्दांत बोलली. पानांची सळसळ, मधूनच दोऱ्याची गाठ ओढल्याचा आवाज, आणि ते बोलणं. संकलनाच्या वेळी मी तो तुकडा शंभरदा ऐकला असेल. कुठेही डाग नव्हता.

मग मुंबईत एका वाहिनीच्या माणसाने सिनेमा पाहिला. तो म्हणाला, छान आहे, पण ही बाई काय बोलते ते कळत नाही. मराठी माणसाला मराठी सिनेमा समजावून सांगायचा का? मी चिडलो, पाऊण तास भांडलो, आणि शेवटी कबूल झालो. अख्ख्या सिनेमाभर तिच्या तोंडी पुण्याच्या एका नटीचा आवाज घातला. नटी चांगलीच होती. पण ज्याला कॉमेडीवाला मधे घुसवल्याचा राग होता, त्याच माणसाने हे केलं. वरोऱ्याला त्याला मी काही कळवलं नाही. म्हटलं, बघू पुढे.

पुढे त्याच गावात सिनेमाचा खेळ ठेवला. शाळेच्या खिडक्यांना ब्लँकेटं बांधून भरदुपारी अंधार केला. स्पीकर त्याचेच, वरोऱ्याहून तो स्वतः घेऊन आला होता, आणि एका स्पीकरपाशी हाताची घडी घालून उभा होता. बाईचा पहिला संवाद आला. लोक हसायला लागले. खेळ संपल्यावर बाई उठून माझ्यापुढे आली.

"हे कोन बोलून राह्यली जी माह्या तोंडातून? माहा आवाज कुठी गेला?"

सगळं गाव बघत होतं. गडचिरोलीचा एक बातमीदार वही घेऊन शेजारी उभा होता. मी विकला गेलो, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "बाई, आवाज खराब निघाला. रेकॉर्डिंग बिघडलं, नाइलाज झाला."

"मंग ते मिनिटभर उभं राहनं फुकटच गेलं म्हना," ती म्हणाली आणि त्याच्याकडे बघून हसली. दोन दिवसांनी पेपरात तेच छापून आलं. ध्वनिमुद्रण सदोष निघूनही दिग्दर्शकाने हार मानली नाही, वगैरे.

मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर मी सुटलो असतो. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. आठवड्याने फोन आला.

"भाऊ, मी रेकॉर्डिंगचे सगळे कार्ड आयकले. मले काई सापडून नाई राह्यलं. कोन्ता सीन खराब होता, का बाईचा सगळाच आवाज बदलावा लागला?"

"अरे, आता झालं ते झालं."

"नाई, नंबर तेवढा सांगा."

असे फोन येत राहिले. शेतावर असलो तरी, दवाखान्याच्या रांगेत असलो तरी. तो कधी आवाज चढवायचा नाही, नुसता नंबर मागायचा. मला त्याचा संताप यायचा. चूक माझी, आणि संताप त्याच्यावर. एकदा बसस्टँडवर फोन आला, गाडी लागत होती, आणि मी ओरडलो, "सतरा. सतरा नंबर. झालं समाधान?"

"हो भाऊ," तो म्हणाला.

फोन थांबले. मी मोकळा श्वास घेतला. पुढच्या उन्हाळ्यात तो माझ्या घरी आला. उन्हाने रापलेला, गळ्यात मशीन. तो धानोऱ्याकडे त्या गावात जाऊन आला होता. त्याच अंगणात चार दिवस बसून, त्याच वेळी, पुन्हा त्या जागेचा आवाज घेऊन आला होता.

"सापडलं भाऊ. शाळंच्या मागं विजेची डीपी आहे. ते बारीक घुमते. जुन्या रेकॉर्डिंगमंदी बी आहे. तवा माह्या कानाले कशी आली नाई, काय म्हाईत."

त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि सतरा नंबर लावला. पानं, दोऱ्याची गाठ, बाईचा आवाज. दुसरं काहीही नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आयकू येते का?"

मी म्हणालो, "येतं थोडं."

त्याने हेडफोन काढून घेतले, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाला, "माफ करा भाऊ. तुमचा सिनेमा माह्यानं बिघडला." मी म्हणालो, असू दे. त्याने माझी माफी मागितली आणि मी ती देऊनही टाकली. वर चहा पाजला.

त्यानंतर त्याने रेकॉर्डिंगचं काम घेतलं नाही. तसंही नागपूरकडची मंडळी पेपर वाचून बिचकलीच होती, पण एकदोघांनी बोलावलं तेव्हा त्यानेच नाही म्हटलं. आपल्या कानांचा भरवसा नाही, असं सांगितलं. ज्याला वळणापलीकडचा ट्रॅक्टर ऐकू यायचा, त्याने.

मी दोनदा वरोऱ्याला गेलो. आयुष्यभर संवाद लिहिले, दुसऱ्यांच्या तोंडी किती माफ्या घातल्या असतील, आणि स्वतःची एक ओळ तोंडातून निघेना. पहिल्या वेळी तो एका लग्नाच्या मंडपात स्पीकर बांधत होता. मला बघून खूश झाला. "नवीन सिनेमा काढता का? आवाजाले चांगला मानूस घ्या बरं," म्हणाला. मी नवऱ्या मुलाकडच्या पंगतीत जेवून परत आलो. दुसऱ्या वेळी सगळं एका कागदावर लिहून नेलं, म्हणजे वाचता तरी येईल. घराला कुलूप होतं. तो आजारी होता, त्याला तपासायला बाहेरगावी नेलं होतं. कागद दाराखालून सरकवून यायला हरकत नव्हती. मी परत आणला.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याला जाऊन आठ दिवस झाले होते. तोच कागद खिशात होता. चार माणसं सतरंजीवर बसली होती. त्याच्या बायकोने मला ओळखलं, पाणी दिलं आणि समोर बसून विचारलं,

"ते नेहमी म्हनायचे, माह्यानं भाऊचा सिनेमा बिघडला. बहुतच खराब झालतं का जी?"

अजूनही वेळ होती. तिला तरी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "नाही बाई. थोडंसंच."

मूळ आवाजाची डिस्क माझ्या कपाटात आहे. सिनेमाचे हक्क वाहिनीकडे आहेत, आणि तिथे आता कोणी फोनसुद्धा उचलत नाही. कागदही कपाटातच आहे. घड्यांवर फाटला आहे, पण वाचता येतो. त्यावर मी लिहिलं होतं: सतरा नंबरच्या सीनमध्ये काही घुमत नाही. कधीच घुमत नव्हतं. तुझं रेकॉर्डिंग चांगलं होतं, मी खोटं बोललो. मला माफ कर.