खालची खोली

निजामपुऱ्यातली आमची चाळ महापालिकेनं धोकादायक ठरवून रिकामी केली, तेव्हा आम्हाला कोन गावाच्या बाजूला सरकारी भाडेघरांच्या इमारतीत खोली मिळाली. सातवा मजला. आम्ही म्हणजे मी आणि आई. वडील पॉवरलूमवर होते, मी शाळेत असतानाच ते गेले. त्यानंतर आईनं घरी कांड्या भरून, म्हणजे लूमला लागणारं सूत कांड्यांवर गुंडाळून, मला वाढवलं. दिवसदिवस पाय मुडपून बसून तिचे गुडघे गेले. मी अंजूरकडे एका गोदामात पॅकिंगला होते. अजूनही तिथंच आहे.

चावी देताना तिथल्या ऑफिसातल्या क्लार्कनं नियम वाचून दाखवले. भाडं वेळेवर भरायचं. खोली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. कुलूप लावून बंद ठेवायची नाही. भिंती फोडायच्या नाहीत, जिने घाण करायचे नाहीत. आई खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ही आमची कामं झाली. आता तुमची वाचा."

क्लार्क हसला. "आमचं काम घर द्यायचं, मावशी. दिलं ना?"

सुरुवातीला लिफ्ट चालायची. आई सकाळी खाली उतरायची, गेटापाशी भाजी घ्यायची, पौर्णिमेला रिक्षानं विहारात जायची. मग लिफ्ट अधूनमधून अडायला लागली आणि एकदा बंद पडली ती पडलीच. मी ऑफिसात गेले. "भाड्यात लिफ्ट येत नाही," क्लार्क म्हणाला. "ती तुम्ही राहणाऱ्यांनी वर्गणी काढून दुरुस्त करायची." मी दारोदार फिरले. तेव्हा कळलं, की इमारतीतल्या कितीतरी खोल्यांत नाव एकाचं आणि राहतोय दुसराच. ज्यांना खोल्या मिळाल्या होत्या, त्यांनी त्या परस्पर भाड्यानं दिल्या होत्या. राहणारे म्हणायचे, "हम तो किरायेदार हैं, मालिक को बोलो." मालिक कोण, हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

आईचं उतरणं बंद झालं. गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला न्यायचं, तर शेजारच्या खोलीतले दोघे भाऊ, लूमवरचे कामगार, तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून खाली न्यायचे. "चलो अम्मा," म्हणत हसत न्यायचे बिचारे. आई सगळा वेळ डोळे मिटून असायची. वर आल्यावर एकदा मला म्हणाली, "जित्या माणसाला असं मढ्यासारखं उचलू नये."

मी खालच्या मजल्यावरची खोली बदलून मिळावी म्हणून अर्ज केला. डॉक्टरचा कागद जोडला, शिक्का घेतला. "खाली रिकामं काही नाही," एवढंच उत्तर. पण खाली जिन्याजवळची एक खोली कायम बंद दिसायची. चौकशी केली, तर ती अंजूरच्या एका माणसाच्या नावावर निघाली. माझ्या रोजच्या वाटेवरच त्याचं घर. एक दिवस शिफ्ट सुटल्यावर मी तिथं उतरले.

तीन मजली घर, बाहेर दोन गाड्या. शेताच्या जागेवर त्यानं गोदामं उठवली होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. माणूस मात्र बोलायला मऊ. त्यानं चहा मागवला.

"काका, तुम्ही तिथं राहत नाही. आमच्याशी खोली बदलाल का? रीतसर अर्ज करून."

"अर्ज बिर्ज न्हाय करायचा, बाय," तो म्हणाला. "लिस्टीत नाव लागला माजा, म्हणून घेऊन ठेवली. तू ऱ्हा ना आईला घेऊन. मला भाडा देत जा."

त्यानं सांगितलेलं भाडं आमच्या सरकारी भाड्याच्या कितीतरी पट होतं. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती भडकलीच. "आपण सरकारचे भाडेकरू हाव. त्या गोदामवाल्याचे न्हाय."

विषय तिथंच थांबला असता. पण एका दुपारी खालच्या मीटरच्या पेटीला आग लागली. जिन्यातून धूर वर चढला. सगळी इमारत पळत रस्त्यावर आली. शेजारचे भाऊ ड्युटीवर, मी गोदामात. आई खिडकीपाशी ओला टॉवेल तोंडावर धरून बसून राहिली. आग लवकर विझली, कुणाला काही झालं नाही. पण मी धावत वर पोचले, तेव्हाही तिनं टॉवेल तसाच धरला होता. हातातून सोडवून घ्यावा लागला.

"घे ती खोली," ती म्हणाली.

आम्ही खाली राहायला गेलो. वरच्या खोलीचं भाडं मी न चुकता भरत होते, कारण आमच्या हक्काची खोली तीच होती. एक पगार दोन घरांत जायचा. पण आई बदलली. दारात खुर्ची टाकून बसायची, बायका तिच्याशी बोलत थांबायच्या. पौर्णिमेला परत विहारात जायला लागली. तिच्या तोंडावर तसा उजेड मी चाळ सुटल्यापासून पाहिला नव्हता.

मग तपासणी आली. ऑफिसची माणसं आधी वर गेली. आमच्या दाराला कुलूप दिसलं, पंचनामा झाला. खाली आली, तर दुसऱ्याच्या नावावरच्या खोलीत आम्ही. त्यांनी अंजूरला फोन लावला. तासाभरात तो बायकोला घेऊन आला, गाडीत मागे टाकून एक गादीही आणली होती.

"पाहुणे हायत आमचे," तो साहेबांना म्हणाला. "आम्ही गावाला गेलेलो, घर सांबालायला ठेवलेले." मग आईकडे वळून, नजर न चोरता, "आता तुमी जावा, मावशी."

मी ओरडून सांगितलं, की आम्ही दर महिन्याला भाडं देतो. साहेबानं विचारलं, "पावती आहे?" नव्हती. रोख घ्यायचा तो.

ऑफिसात क्लार्कनं मला नियम पुन्हा ऐकवला. खोली बंद ठेवायची नाही, म्हणजे नाही. मी अर्जाची प्रत पुढे केली. "लिफ्ट तुम्ही दुरुस्त केली नाही. माझी आई चढणार कशी?"

"तुमच्या अर्जावर निर्णय व्हायचाय."

"मग निर्णय होईपर्यंत खोली काढून घेऊ नका."

"ते वेगळं प्रकरण आहे, ताई."

आई माझ्याबरोबर होती. पहिल्या दिवशी याच माणसाला सवाल करणारी बाई मांडीवरची पिशवी चाचपत बसली होती. वरची खोली सील झाली. खालची त्याच्याच नावावर राहिली. पुढच्या महिन्यात तिथं दुसरं कुटुंब आलं.

आता आम्ही कोन गावात एका घराच्या मागच्या खोलीत राहतो, अकरा महिन्यांच्या करारावर. खोली तळमजल्यावर आहे. भाडं जास्त आहे, पण लिफ्टचा प्रश्न नाही. आई मात्र दारात बसत नाही. शेजारीण बोलवायला आली, तर पडून राहते. नवा घरमालक भाडं न्यायला आला, की मला हळूच विचारते, "घर खरंच ह्याचंच हाय ना?" मी लाईटबिलावरचं नाव दाखवते. तिचं समाधान होत नाही.

कामावर जाताना शेअर रिक्षा अंजूरच्या त्या घरावरून जाते. कधी तो बाहेर उभा असतो. ओळखीचं हसतो, हात वर करतो. "आई कशी हाय?" विचारतो.

"बरी आहे," मी म्हणते. त्याला दुसरं काही सांगायची माझी इच्छा नाही.