नारिंगी जाकिटाची हद्द

बँकॉकच्या थोंगलो वस्तीत, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुचाकी-टॅक्सीच्या थांब्यावर प्रयोंगने बावीस वर्षे काढली; आणि मग एके सकाळी त्या थांब्याचा परवाना असलेले आपले नारिंगी जाकीट नीट घडी घालून थांब्याचा प्रमुख थवीन याच्या हाती दिले. निमित्त सोमनुकचे झाले. रोज शेजारी गाडी लावणारा हा त्याचा मित्र मद्यालयातून निघालेल्या एका चकचकीत मोटारीखाली सापडला. मोटारवाल्याने अंत्यविधीला मोठे पुष्पचक्र पाठवले. स्वतः आला नाही. सोमनुकची बायको लामदुआन त्याच थांब्याशेजारी मोगऱ्याचे हार विकत राहिली. प्रयोंगला मात्र तो रस्ता पाहवेना. तो शहराच्या दुसऱ्या अंगाला, आरी वस्तीत गेला.

आरीचा प्रमुख चलोम याने पहिल्याच दिवशी बजावले, "काका, या वयात कोणी ठेवत नव्हतं तुम्हाला, मी ठेवतोय. पण दुसऱ्याच्या हद्दीतनं एक जरी पॅसेंजर उचललात, तर जाकीट काढून घेईन. मग रडत यायचं नाही."

परक्या हद्दीत प्रवासी सोडावा आणि रिकामे परतावे, हा नियम साऱ्या शहराचा होता. एकसष्टाव्या वर्षी तिसरा थांबा मिळणार नाही, हे प्रयोंग जाणून होता.

दोन्ही वस्त्यांतील तरुण मंडळी एकमेकांना नावे ठेवीत. थोंगलोत अत्तरे, उंच टाचा, दारांशी रांगेने उभ्या परदेशी मोटारी आणि पहाटेपर्यंत छातीवर आदळणारा ठेका. आरीत सैल सुती कपडे, मुद्दाम पोपडे राखलेल्या भिंती, कुंड्यांच्या गर्दीत दडलेली कॉफीची दुकाने आणि हलक्या आवाजातली गाणी. मध्यरात्रीपूर्वीच तिथले दिवे मंद होत. प्रयोंगला फरक कळे तो पाठीवरून. थोंगलोचा प्रवासी त्याच्या पाठीवर डोके टाकून झोपून जाई. आरीचा मागची दांडी धरून अंग चोरून बसे.

एका गुरुवारी संध्याकाळी आरीतली एक तरुणी थोंगलोला निघाली.

"काका, तिकडे जायची लाजच वाटते मला. तिथले लोक आरशात बघायला घराबाहेर पडतात."

"आणि आरीचे?"

"आम्हीही. फक्त आमचे आरसे जुन्या बाजारातले असतात!"

तिला सोडून प्रयोंग जुन्या थांब्यापाशी आला. गर्दीची वेळ, एकही दुचाकी जागेवर नव्हती. लामदुआन स्टुलावर बसली होती; सुई हातात, फुले मांडीवर, हार अर्धवट.

"भाऊजी, आरी मानवलेलं दिसतंय. पोट सुटलं तुमचं."

"तुमचा चेहरा का असा, वहिनी?"

"छातीत जड वाटतंय. डाव्या हाताला मुंग्या येताहेत. दवाखान्यात सोडता का जरा?"

प्रयोंगने रिकाम्या थांब्याकडे पाहिले. जाकीट काढून तिला बसवावे, तर बिनपरवाना प्रवासी नेणे हा आणखी मोठा गुन्हा होता. मोटारी जागच्या हलत नव्हत्या; त्या कोंडीत रुग्णवाहिका पोचणे शक्य नव्हते. त्याने थवीनला फोन लावला. कोणी उचलला नाही.

"इथला कोणीतरी येईलच आत्ता. दोन मिनिटं. मी आहे ना."

"का? तुमच्या गाडीला काय झालं?"

"गाडीला काही नाही हो. हद्द माझी नाही."

लामदुआन घामेजल्या चेहऱ्याने हसली. "ह्यांना उडवलं त्याला कुठली हद्द होती?"

त्याने तिला पाणी दिले. मग रस्त्याच्या कडेला उभा राहून तो थोंगलोच्या जाकिटाची वाट पाहू लागला. घड्याळ पाही, फोन लावी, पुन्हा घड्याळ पाही. बारा मिनिटांनी तिच्या हातातली सुई खाली पडली. तेव्हा त्याने हाका मारून एका वाटसरूला मागे बसवले, तिला मधे धरून ठेवायला सांगितले आणि गाडी पिटाळली. दवाखाना चार मिनिटांवर होता.

"थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

लामदुआनच्या अंत्यविधीला देवळात भिक्खूंचे मंत्रपठण संपल्यावर थवीन त्याच्याजवळ येऊन बसला.

"काका, तुम्ही आमच्या माणसाची वाट बघत थांबलात म्हणे?"

"तुमची हद्द होती."

"अहो, पण वहिनीसाठी? आम्ही चकार शब्द तरी काढला असता का?"

थवीनच्या स्वरात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी आरीत चलोमने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तक्रार नाही आली. थवीन म्हणाला, माणूस नियमाचा आहे. आता जाकीट कायमचं तुमचं, काका."

प्रयोंगने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. पहिल्याच प्रवाशाने थोंगलोचा पत्ता सांगितला. त्याने त्याला तिथे सोडले. लामदुआनच्या स्टुलावर कोणीतरी हेल्मेट ठेवले होते. प्रयोंगने गाडी वळवली आणि नियमाप्रमाणे रिकामा परतला.