डाव्या गालावरचा अबोला

आमच्या घरात भांडणे मोठ्या आवाजात होत नाहीत. माझ्या माहेरीही होत नसत. तिथे अबोला धरला जाई आणि त्याला रीत असे. जेवण वेळेवर वाढायचे, फक्त ताट ठेवताना वाटीचा किंचित आवाज करायचा. निरोप तिसऱ्या माणसाच्या तोंडून द्यायचा, आणि तिसरे माणूस नसेल तर भिंतीकडे पाहून बोलायचे. ही विद्या मी आईकडून शिकले आणि लग्नानंतर सोबत आणली. काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मी ती सासूबाईंवर चालवली. त्यांच्या चेहऱ्याची नस दुखत होती, बोलायला तोंड उघडले की कळ येत होती. मी समजत होते, त्या माझ्याशी बोलत नाहीत.

नागपुरात मे महिन्यात कुणावर माया करायची तर त्याची खाट कूलरसमोर सरकवतात. सासूबाई सावनेरकडच्या गावाहून कायमच्या आमच्याकडे आल्या, तेव्हा मीही तेच केले. कूलरची वाळ्याची खस नवी बसवून घेतली, टाकी काठोकाठ भरली, खाट खिडकीशी ओढली. मोटर घुमू लागली, ओल्या वाळ्याचा मातकट, गोडसर वास खोलीभर पसरला आणि पहिला गार झोत त्यांच्या चेहऱ्यावर गेला.

“बंद कर वं तो कूलर,” त्या म्हणाल्या.

“आई, बाहेर लू चालली आहे. बंद केला तर दोघी भाजून निघू.”

“बंद कर म्हनलं नं!”

मी केला नाही. फक्त झोत थोडा कमी केला आणि त्यांच्यासमोर ताट ठेवले. सकाळपासून मसाला भाजून, वाटून केलेली भरली वांगी होती. त्यांनी एक घास तोंडात घातला, चावायला सुरुवात केली आणि थांबल्या. डोळे मिटले. मग ताट हळूच दूर सारून त्या उठल्या आणि आतल्या, गरम खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्या दिवशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवसापासून मीही बोलणे सोडले.

माझे यजमान हिंगण्याच्या एका कारखान्यात आहेत. कंपनीच्या बसने उजाडताच जात आणि दिवे लागल्यावर येत. मला कॉलेजची सुट्टी होती. घरात तिसरे माणूसच नव्हते, त्यामुळे भिंतीला पुष्कळ ऐकावे लागले. “कुणाला चहा हवा असेल तर झाकून ठेवला आहे,” असे मी भिंतीला सांगे. त्या चहा निवू देत, सायीची सुरकुती धरेपर्यंत. मग पेला ओठांच्या उजव्या कोपऱ्याला लावून थेंब थेंब पीत. मला त्यात माझ्या चहाचा अपमान दिसे.

दिसत तर सगळेच होते. त्या चेहऱ्याचा उजवा भाग धूत आणि डावा कोरडा ठेवत. केस एकाच बाजूने विंचरत. पंख्याखालीही पदर डाव्या गालाभोवती ओढून घेत. मी कॉलेजात कविता शिकवते. ओळीच्या मध्ये कवी कुठे आणि का थांबतो, यावर तास तास बोलते. घरातले एक माणूस घासाच्या मध्ये थांबत होते आणि मला त्याचे एकच कारण सुचत होते, ते म्हणजे मी.

एका दुपारी ओसरीतल्या आरशात मला त्या दिसल्या. त्यांचा हात गालाकडे निघालेला आणि वाटेतच, गालापासून वीतभर अंतरावर, हवेत थांबलेला होता. चेहऱ्याची डावी बाजू आक्रसली, डोळ्यातून पाण्याची धार लागली. आवाज मात्र काहीच नाही. फक्त कूलरची मोटर. काही क्षणांत सारे ओसरले आणि त्या आपल्या जागी निमूट बसल्या. मला वाटले, रडल्या. वाटले, अखेर त्यांना माझा अबोला लागला. आणि मला बरे वाटले. ते बरे वाटणे मी अजून कुठे ठेवू शकलेले नाही. ओल्या खसचा वास आला की ते पुन्हा हाताशी येते.

त्या वाळल्या आहेत हे त्यांच्या मुलाला दिसले. “आईची दाढ दुखत असंल,” म्हणून तो सुटीच्या दिवशी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. एक दाढ किडलेली होती, ती निघाली. कळ मात्र तशीच राहिली. त्यांनी खुणेने शेजारचीही काढायला सांगितली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आजी, हा दात चांगला आहे. मी काढणार नाही. हे नसेचं दिसतं, धंतोलीत मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.”

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात चंद्रपूर-यवतमाळहून आलेली माणसे एक्स-रेची पाकिटे मांडीवर धरून बसली होती. आमचा नंबर लागला. डॉक्टर बाईंनी विचारले, “आजी, कुठे दुखतं, बोटानं दाखवा.” सासूबाईंचे बोट निघाले आणि गालापासून वीतभर दूर थांबले. आरशात पाहिले होते तसेच. डॉक्टर बाई त्या थांबलेल्या बोटाकडे पाहत राहिल्या. आमचे उत्तर त्यांना बहुधा तिथेच मिळाले होते. बाकीचे प्रश्न खात्रीपुरते होते.

“वारा लागला की येते कळ?” मान हलली.

“घास चावताना? तोंड धुताना?” मान हलली.

“बोलताना?”

मान हलली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग हलवली. मी फरशीच्या सांध्यांकडे पाहत होते.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला तीन फांद्यांची एक मोठी नस असते, डॉक्टर बाई सांगत होत्या. मेंदूपाशी, तिच्या मुळाजवळ, बरेचदा एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते. तिच्या ठोक्याठोक्याने नसेवरचे आवरण झिजते. “वायरचं प्लास्टिक घासलं गेलं तर काय होईल?” त्यांनी विचारले. माझे यजमान लगेच म्हणाले, “शॉर्ट होईल.” तसेच. मग वाऱ्याची झुळूकही नसेत वीज होऊन शिरते. साध्या वेदनाशामकाने ही कळ हटत नाही. फिट्सवर देतात ती गोळी लागते. थोडीशी सुरू करून हळूहळू वाढवायची, मनाने बंद करायची नाही. झोप येईल, तोल जाईल. अंगावर पुरळ दिसले तर त्याच दिवशी या. रक्तातले मीठ कमी होते का, ते अधूनमधून तपासू. दुसरे काही कारण नाही ना, हे पाहायला एमआरआय करायचा. गोळ्या पुरल्या नाहीत तर ऑपरेशन आहे: रक्तवाहिनी अलगद बाजूला करून तिच्या आणि नसेच्या मध्ये एक छोटी गादी ठेवतात.

एमआरआयमध्ये ती रक्तवाहिनी दिसली, नसेला बिलगलेली. दुसरे काही निघाले नाही. घरी मी कूलरचे तोंड भिंतीकडे वळवले. चहा कोमट, वरण पातळ, भाकरी दुधात कुस्करलेली. मी एकाएकी फार बोलू लागले आणि मग लक्षात आले, की माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्यांना तोंड उघडावे लागते. तेव्हा हाताने देता येईल असेच प्रश्न विचारायला शिकले.

गोळी लागू पडायला वेळ गेला. एका सकाळी मी त्यांच्यापुढे वाटी ठेवली, त्यांनी घास घेतला, चावला, गिळला.

“मीठ कमी हाय,” त्या म्हणाल्या. “रक्तातलं कमी होईन म्हने ते डॉक्टरीन, आन् तू भाजीतलंच कमी करून राहिली.”

मी हसले आणि मग हसता हसता माझा बांध फुटला. “आई, मला माफ करा. तुम्ही कळा सोसत होतात आणि मी अबोला धरून बसले होते.”

“काहून रडतं वं? बरं झालं धरला. तू बोलली असती तं मले उत्तर द्या लागलं असतं.” त्यांनी वाटी पुढे केली. “तुह्या कूलरनं मारलं मले. अबोल्यानं तं आराम भेटला.”

त्या खरेच तसे मानत असाव्यात. पण मी त्यांना आराम देण्यासाठी गप्प राहिले नव्हते. मायेने खाट सरकवली तिथे त्यांना विजा सोसाव्या लागल्या आणि रागाने गप्प राहिले तिथे विसावा मिळाला, या हिशेबात मला कुठेच उभे राहता येत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात गोळ्या अपुऱ्या पडू लागल्या. वाढवल्या की त्या भिंत धरून चालतात, कमी केल्या की हात पुन्हा हवेत थांबतो. डॉक्टर बाईंनी आता ऑपरेशनचे सुचवले. मुलगा घाबरला. “कानामागून कवटी उघडतात आई, या वयात?” सासूबाईंनी माझ्याकडे बोट केले. “थे सांगन.”

मी काय सांगणार होते? ज्या बाईने त्यांची कळ महिनाभर डोळ्यांसमोर पाहूनही ओळखली नाही, तिने त्यांचे डोके उघडायला हो म्हणावे? मी डॉक्टर बाईंना धोके पुन्हा विचारले: गाल बधिर होऊ शकतो, त्या बाजूचे ऐकू येणे कमी होऊ शकते, क्वचित त्याहून गंभीर. सगळे त्यांना जसेच्या तसे सांगितले. “माझ्या हो म्हणण्यावर जाऊ नका,” म्हटले.

येत्या आठवड्यात ऑपरेशन आहे. हो त्यांनीच म्हटले. काल दुपारी मी त्यांची पिशवी भरत होते: लुगडी, पंचा, कोमट पाण्याचा थर्मास. त्या खाटेवर बसून पाहत होत्या.

“त्या दिवशीचं भांडन राहूनच गेलं आपलं,” त्या हळूच म्हणाल्या. “कूलरचं. मले लई बोलाचं होतं तुले.”

“आता बोला ना.”

“आता काहून? बरी होऊन येतो, मंग भांडतो. तोंड भरून. तू सोडू नको मले, आन् मी...”

हात वर गेला, गालापासून वीतभर अंतरावर थांबला. मी उठून कूलर बंद केला, पंखाही. खोली क्षणात तापली. आमच्या दोघींच्या कपाळावरून घाम ओघळू लागला आणि वाळ्याचा वास जड होऊन खाली बसला. मी त्यांच्या अर्ध्या वाक्यासमोर बसून राहिले, आणि उरलेले अर्धे रागाचेच असू दे, एवढेच मनात म्हणत होते.