दुभाषी मामी

आमच्या मामीने आयुष्याची बरीच वर्षं मराठीचं मराठीत भाषांतर करण्यात घालवली. मामा म्हणायचे, "त्या गाढवाला सांग, पंखा बंद कर." हाताच्या अंतरावर बसलेल्या विजयकडे वळून मामी म्हणायची, "बाळा, बाबांना जरा गार लागतंय." विजय म्हणायचा, "त्यांना म्हणावं, हिमालयात गेलात तर काय कराल?" मामी मामांना सांगायची, "शाल आणून देऊ का, विचारतोय." मग स्वतःच उठून शाल आणायची.

नाशिक रोडच्या त्या घरात बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. कारणही तसंच भारदस्त होतं. मामांची कायमची बंद पडलेली स्कूटर विजयने न विचारता भंगारात दिली होती. मामा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, विजय बँकेत. बाहेर दोघंही असे गोडबोले, की कॉलनीतले लोक मुलांना त्यांची उदाहरणं देत. एकदा सर्दीने मामीचा आवाज बसला, तेव्हा घराचा कारभारच ठप्प झाला. "लवकर बरी हो गं," दोघंही कळवळून म्हणाले. अर्थात वेगवेगळे.

मामीची धाकटी बहीण लासलगावला. रस्ता फार तर दीड-दोन तासांचा, पण मामी तिच्याकडे कधी राहिली नाही. "मी गेले तर ह्यांना मीठ कोण मागून देणार?" असं म्हणून ती हसायची. ते हसणं मला कधीच खरं वाटलं नाही.

मी एका विनोदी मालिकेचे भाग लिहिते. मामीला विचारून एक भाग तिच्या घरावर लिहिला. "लिही की," ती म्हणाली, "पण त्यातल्या बाईला साडी बरी दे." तो भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही सगळे मामांच्या हॉलमध्ये जमलो. पडद्यावरचा बाप शेजारीच बसलेल्या मुलाकडे बायकोमार्फत लोणचं मागत होता. मामा पोट धरून हसले. "काय एकेक नग असतात!"

विजय हसला नाही. "आई, त्यांना सांग, हे आपलंच घर आहे."

मामी टीव्हीकडेच बघत राहिली.

"काय म्हणतोय तो?" मामांनी विचारलं.

"तुम्हीच विचारा त्याला. मला सिरियल बघू द्या."

जाहिराती लागल्या. भाग पुन्हा सुरू झाला. रिमोट विजयच्या हातात होता. शेवटी मामांनी घसा खाकरला. "आवाज वाढव जरा."

"किती?" विजयने विचारलं.

इतक्या वर्षांनी बाप-लेकांत झालेला हा हृद्य संवाद. मामीने पदराने डोळे पुसले. मालिका विनोदी होती.

पुढच्याच आठवड्यात ती लासलगावला गेली आणि चांगली राहून आली. इकडे बाप-लेक मध्यस्थाशिवाय, मोकळ्या मनाने भांडू लागले. शेजारी खिडक्या लावून घेत.

गेल्या हिवाळ्यात मामी गेली. झोपेतच, कुणाला काही न सांगता. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर प्रत्येक फोटोत ती कुणाकडे तरी वळून काहीतरी समजावत होती. शेवटी बहिणीने लासलगावचा एक फोटो पाठवला. ओट्यावर पाय पसरून बसलेली मामी, मान मागे टाकून खदखदून हसतेय.

मामा बराच वेळ बघत राहिले. "विजय, ही अशी हसायची?"

"मला नाही माहीत, बाबा," विजय म्हणाला.